मोजदादीबाहेरचा खेळाडू

१९६१-६२ चा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, हंगाम आकड्यांसाठी गाजला. विल्ट चेंबरलेननं त्या वर्षी सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले आणि २ मार्च १९६२ च्या रात्री न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्यानं १०० गुणांचा डोंगर उभा केला. हे दोन्ही विक्रम आजही अबाधित आहेत. त्याच हंगामात सिनसिनाटी रॉयल्सच्या ऑस्कर रॉबर्टसननं गुण, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेला चेंडू) आणि असिस्ट (ज्यातून बास्केट होते तो पास) या तिन्ही रकान्यांत दोन आकडी सरासरी गाठली. पुढची ५५ वर्षं तसं कुणालाही जमलं नाही. हंगाम संपला आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडायची वेळ आली. त्या काळी ही निवड पत्रकार करत नसत, खुद्द खेळाडूच मतदान करत. त्यांनी चेंबरलेनलाही निवडलं नाही आणि रॉबर्टसनलाही नाही. त्यांनी निवडलं बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला. त्याची त्या हंगामातली सरासरी होती १८.९ गुण.

आज आकडेवारी चाळणाऱ्याला हा निकाल अन्यायाचा वाटू शकतो. पण मतं देणारे कोण होते ते पाहिलं पाहिजे. रसेलसमोर चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावलेले आणि त्याचा हात वर येताना पाहून अर्ध्या वाटेत बेत बदललेले हे लोक होते. आपल्याला काय करता आलं नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. रसेलचं थोरपण समजून घ्यायचं तर सुरुवात या मतदानापासून करावी, असं मला वाटतं. त्याच्या खेळाचा मोठा भाग कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि मैदानाबाहेरचं आयुष्य तर मुळीच बसत नाही. म्हणून त्याचं चरित्र लिहावं लागतं, आणि ते मराठीत येतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

मोजता येतं ते आधी सांगून टाकतो. विल्यम फेल्टन रसेल. जन्म १२ फेब्रुवारी १९३४, लुइझियाना राज्यात मन्रो शहराच्या परिसरात. उंची ६ फूट १० इंच, डावखुरा. सेल्टिक्सकडून १३ हंगाम आणि त्यांत ११ अजिंक्यपदं, त्यांपैकी ८ सलग, १९५९ ते १९६६. सर्वोत्तम खेळाडूचा मान ५ वेळा. एकूण रिबाउंड २१,६२०. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक. मालिका सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत ताणली गेली असे त्याच्या कारकिर्दीत १० प्रसंग आले, आणि दहाही वेळा त्याचा संघ जिंकला. एक कच्चा दुवाही होता. फ्री थ्रो, म्हणजे कुणीही आडवं येत नसताना रेषेवर उभं राहून करायची फेक, त्याला कधीच नीट जमली नाही. त्यात शंभरातल्या ५६ च्या आसपासच बास्केट व्हायच्या.

आता जे मोजलं गेलं नाही त्याकडे वळू. समोरचा खेळाडू बास्केटकडे चेंडू फेकतो आणि तो खाली वळायच्या आत हवेतच हात घालून अडवायचा, याला ब्लॉक म्हणतात. रसेलची खरी विद्या ही. एनबीएनं ब्लॉकची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात, आणि रसेल तर १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. ज्या कामात त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाही, त्या कामाचा त्याच्या नावावर एकही अधिकृत आकडा नाही. आणि नोंद ठेवली असती तरी ती अपुरीच पडली असती. कबड्डीत कोपऱ्याला जबरदस्त पकड असलेला खेळाडू उभा असला की चढाई करणारा त्या बाजूला फिरकतच नाही. न झालेल्या त्या चढाईचा गुण कोणत्या तक्त्यात मांडायचा? रसेलच्या धाकानं न फेकलेले चेंडू, घाईनं किंवा वाकड्या कोनातून फेकलेले चेंडू, बास्केटपाशी न येता बाहेरच घुटमळलेले खेळाडू, हे सगळं पंचांच्या टेबलावरच्या कागदात कुठेच उतरत नाही.

त्याच्या ब्लॉकची रीतही वेगळी होती. उंच खेळाडूंना चेंडूला जोरदार तडाखा देऊन तो थेट प्रेक्षकांत भिरकावायला आवडतं. प्रेक्षक खूश होतात, टाळ्या पडतात, पण चेंडू परत प्रतिस्पर्ध्याकडेच जातो. रसेल चेंडूला नुसता हात लावायचा, वेग मारायचा आणि तो मैदानातच, शक्यतो आपल्या माणसाजवळ पडेल असा वळवायचा. तिथून सहकारी बॉब कूझीच्या हातात चेंडू गेला की पुढच्या चार-पाच सेकंदांत सेल्टिक्सची बास्केट झालेली असायची. एकाच स्पर्शानं समोरच्याचे दोन गुण बुडायचे आणि आपले दोन वाढायचे. डावखुरेपणाचाही इथे फायदा होता. बहुतेक खेळाडू उजव्या हातानं फेक करतात, आणि त्यांच्या समोर उभ्या असलेल्या रसेलचा डावा हात बरोबर त्याच बाजूला यायचा.

हे सारं उपजत होतं असं समजणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ओकलंडच्या मॅक्लिमंड्स शाळेत तो कनिष्ठ संघाच्या निवडीला गेला तेव्हा त्याला धड खेळताही येत नव्हतं. संघात मुलं १६ आणि गणवेश १५. सोळावा होता रसेल. तो आणि आणखी एक मुलगा एकच गणवेश आळीपाळीनं वापरायचे, एका सामन्याला हा, तर पुढच्याला तो. जॉर्ज पाउल्स या प्रशिक्षकांनी त्याला काढून टाकलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. त्यांनी ठेवून घेतलं. शाळा संपल्यावर कॅलिफोर्नियातल्या निवडक मुलांच्या संघाबरोबर तो बसनं गावोगाव फिरला. त्या प्रवासात त्यानं एक सवय लावून घेतली. सोबत्यांपैकी चांगल्या खेळाडूची एखादी चाल डोळे मिटून पुनःपुन्हा मनात पाहायची आणि मग तिच्यासमोर स्वतःला उभं करायचं. तो डावीकडे वळला तर मी कुठे असेन? त्याचा पाय उचलला जाईल तेव्हा माझा कुठे असेल? बाकीची मुलं गुण कसे करायचे ते शिकत होती. हा दुसऱ्याचे गुण कसे होऊ द्यायचे नाहीत ते शिकत होता. बास्केटबॉलच्या शिकवणीत तेव्हा या विषयाला जागाच नव्हती. चांगल्या बचावपटूनं जमीन सोडायची नसते, असं तेव्हाचे प्रशिक्षक सांगत. रसेल उंच उडीत जागतिक दर्जाचा होता, आणि त्यानं ती उडी बचावात आणली.

मॅक्लिमंड्सच्या संघात त्याच्याबरोबर फ्रँक रॉबिन्सन नावाचा मुलगाही खेळायचा. पुढे तो बेसबॉलमधला थोर खेळाडू झाला आणि १९७५ मध्ये बेसबॉलच्या प्रमुख लीगमधला पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापकही. रसेल त्याआधीच, १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांतल्या आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाला होता. एका गरीब वस्तीतल्या एका शाळेच्या एका संघातून हे दोघे निघाले.

ओकलंडला येण्यामागची गोष्ट लुइझियानातली आहे. चार्ली रसेल, म्हणजे बिलचे वडील, एकदा गाडीत पेट्रोल भरायला थांबले. गोऱ्या गिऱ्हाइकांचं आधी उरकू दे म्हणून त्यांना ताटकळत ठेवलं गेलं. कंटाळून ते गाडी काढायला लागले, तर पंपावरच्या माणसानं बंदूक रोखली. आई केटी एकदा चांगला पोशाख घालून गावात गेली, तर पोलिसानं तिला हटकलं आणि घरी जाऊन तो उतरवायला सांगितलं. असे कपडे गोऱ्या बायकांनी घालायचे असतात, म्हणून. दलित आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाला हे प्रसंग परके वाटणार नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्तरेकडच्या आणि पश्चिमेच्या कारखान्यांत कामं निघाली आणि हजारो कुटुंबांसारखं रसेल कुटुंबही कॅलिफोर्नियाला निघालं. बिल तेव्हा ८ वर्षांचा होता. चार वर्षांनी आई गेली. वडिलांनी कामाच्या वेळा सांभाळत दोन मुलांना वाढवलं. रसेलच्या पुढच्या साऱ्या वागण्यात, त्याच्या न वाकण्यात, मला हे घर दिसतं. आपली किंमत दुसऱ्यानं ठरवायची नाही, हे त्याला कुठल्या चळवळीनं शिकवलेलं नव्हतं. ते घरातूनच आलं होतं.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे तेव्हा बास्केटबॉलसाठी मुळीच प्रसिद्ध नव्हतं. तिथे त्याला के. सी. जोन्स हा जन्माचा मित्र भेटला. प्रशिक्षक फिल वूलपर्ट यांनी तीन कृष्णवर्णीय खेळाडूंना सुरुवातीच्या पाचांत उतरवलं, ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती. डिसेंबर १९५४ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या हॉटेलांनी या खेळाडूंना खोल्या नाकारल्या, तेव्हा सगळा संघ, गोऱ्या मुलांसकट, एका बंद पडलेल्या वसतिगृहात राहिला. या संघानं १९५५ आणि १९५६ अशी दोन्ही वर्षं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि सलग ५५ सामने जिंकण्याचा विक्रम केला. बास्केटखालच्या ज्या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला रेंगाळायला मनाई असते, त्याची रुंदी महाविद्यालयीन खेळात ६ फुटांवरून १२ फूट केली गेली, त्यामागे रसेलचं बास्केटखालचं वर्चस्व हे मोठं कारण मानलं जातं.

एनबीएचे संघ दर वर्षी नवे खेळाडू क्रमाक्रमानं निवडतात. १९५६ च्या निवडीत पहिला क्रमांक होता रॉचेस्टर रॉयल्सचा. त्यांनी रसेलला सोडून दुसराच खेळाडू घेतला. दुसरा क्रमांक सेंट लुइस हॉक्सचा. सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड आउअरबाख यांनी त्यांच्याशी सौदा केला. एड मकॉली हा नावाजलेला खेळाडू आणि क्लिफ हेगन हा उमेदीचा खेळाडू देऊन त्यांनी रसेल मिळवला. आउअरबाख यांच्याकडे गुण करणारे भरपूर होते. त्यांना चेंडू मिळवून देणारा माणूस हवा होता. गुण करायची जबाबदारी तुझ्यावर नाही, हे त्यांनी रसेलला पहिल्यापासून स्पष्ट केलं आणि शब्द पाळला. पगाराच्या बोलणीत त्याच्या गुणांची सरासरी कधी पुढे केली नाही. नुसत्या तक्त्यापलीकडचं पाहणारा एक मालक किंवा प्रशिक्षक वेळेवर भेटला नाही, तर रसेलसारख्या खेळाडूचं काय होत असेल, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

इथे मुंबईकर वाचकासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. रॉचेस्टर रॉयल्स पुढे सिनसिनाटीला गेले, तिथून कॅन्सस सिटीला जाऊन ते किंग्ज झाले आणि शेवटी सॅक्रामेंटोला पोहोचले. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, तेव्हा इंडियाना पेसर्सविरुद्ध खेळायला आलेला संघ हाच. त्याचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. १९५६ मध्ये रसेलला सोडून देणारा संघ ६३ वर्षांनी आपल्या शहरात आला होता. मधल्या काळात, १९८७ मध्ये, रसेल याच किंग्जचा प्रशिक्षकही झाला होता. ते वर्ष मात्र फसलं. १७ विजय आणि ४१ पराभव झाल्यावर हंगाम संपायच्या आतच त्याला बाजूला केलं गेलं. स्वतः जे अंतःप्रेरणेनं करत होता ते दुसऱ्याला शिकवणं त्याला प्रत्येक वेळी जमलं नाही.

ऑलिंपिक आटोपून रसेल डिसेंबर १९५६ मध्ये, हंगाम आधीच सुरू झालेला असताना, सेल्टिक्सला मिळाला. त्याआधी या संघानं एकही अजिंक्यपद जिंकलं नव्हतं. चारच महिन्यांत, १३ एप्रिल १९५७ ला, त्याच सेंट लुइस हॉक्सविरुद्ध अंतिम मालिकेचा सातवा सामना बॉस्टनमध्ये होता. सामना संपत आला असताना हॉक्सच्या जॅक कोलमनला मैदानाच्या मध्यावर चेंडू मिळाला. पुढे बास्केटपर्यंत रान मोकळं. रसेल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. कोलमनला आघाडी मिळालेली होती, चेंडू हातात होता, आणि तरी त्यानं फेक केली तेव्हा रसेलचा हात तिथे पोहोचला होता. बास्केटबॉलच्या मैदानात माणसाच्या शरीरानं केलेली एवढी विलक्षण गोष्ट आपण दुसरी पाहिली नाही, असं सहकारी टॉम हाइनसन पुढे आयुष्यभर सांगत राहिला. सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि सेल्टिक्सनं तो १२५-१२३ असा जिंकला. हाइनसनचे त्यात ३७ गुण होते. ते तक्त्यात आहेत. कोलमनला केलेला ब्लॉक नाही.

पुढच्या वर्षी अंतिम मालिकेत रसेलचा घोटा दुखावला आणि हॉक्स जिंकले. त्यानंतरची ८ वर्षं सेल्टिक्सचीच. एकेका विजेतेपदाची हकीकत चरित्रात सविस्तर आहे, म्हणून मी ती इथे सांगत नाही. एवढंच सांगतो, की मोठ्या सामन्याआधी रसेलला उलट्या व्हायच्या. त्याचा तो आवाज खोलीत ऐकू आला की सोबती निश्चिंत व्हायचे. इतक्या जिंकलेल्या माणसाच्या पोटात दर वेळी असा गोळा यायचा, ही गोष्ट मला त्याच्या पदकांपेक्षा जवळची वाटते.

देशानं आणि विजेत्यांच्या या शहरानं, बॉस्टननं, रसेलला कसं वागवलं, हा या चरित्रातला सगळ्यात वेदनादायक भाग आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला प्रदर्शनीय सामना होता. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये सॅम जोन्स आणि सॅच सँडर्स यांना खायला द्यायला नकार मिळाला. रसेलनं आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडूंनी ठरवलं, खेळायचं नाही. आउअरबाखनी समजावून पाहिलं, मग त्यांना विमानतळावर पोहोचवलं. समोरच्या हॉक्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंनीही सामना सोडला. एनबीएच्या खेळाडूंनी मिळून वर्णभेदाविरुद्ध सामन्यावर टाकलेला असा बहिष्कार त्याआधी कुणी पाहिलेला नव्हता. आज खेळाडू एखाद्या अन्यायाविरुद्ध बोलले की ही नवीच टूम आहे असं म्हणणारे भेटतात. त्यांनी १९६१ ची ही हकीकत जरूर वाचावी.

पण दक्षिणेतल्या हॉटेलचं एक वेळ समजू शकतो. बॉस्टनजवळच्या रीडिंग गावात रसेलचं घर होतं. गावानं त्याचा जाहीर सत्कार केला. त्यानं तिथल्याच चांगल्या वस्तीत घर पाहायला सुरुवात केली, तेव्हा त्याला येऊ देऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी सह्या गोळा केल्या. एकदा कुटुंब बाहेरगावी असताना घर फोडलं गेलं. भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या, पारितोषिकं मोडली, आणि अंथरुणात विष्ठा टाकली. त्याची मुलगी कॅरन हिनं १९८७ मध्ये एका दीर्घ लेखात हे सारं लिहिलं, तोवर अनेक बॉस्टनकरांना ते माहीतही नव्हतं. रसेल सेल्टिक्ससाठी खेळतो, बॉस्टनसाठी नाही, असं तो सांगत आला, त्याचा अर्थ अशा घटनांमध्ये शोधावा लागतो.

त्यानं सह्या देणं थांबवलं. लहान मुलांना नाही, मोठ्यांना नाही, पुढे तर स्वतःच्या सहकाऱ्यांनाही नाही. लोकांना हा उद्धटपणा वाटला. मला तो वाटत नाही. ज्या हातांनी सकाळी याचिकेवर सही केली, तेच हात रात्री याची सही मागत असतील, तर ती नाकारण्याचा हक्क त्या माणसाला असलाच पाहिजे. मात्र सही मागणाऱ्या पोराचा यात काय दोष होता, हा प्रश्नही राहतोच. चरित्रकारानं तो टाळलेला नाही, हे मला आवडलं. सहीऐवजी रसेल हस्तांदोलन करायचा, बसून चार शब्द बोलायचा.

नागरी हक्क चळवळीतले नेते मेडगर एव्हर्स यांची १९६३ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये हत्या झाली. त्यानंतर रसेल तिथे गेला आणि धमक्यांना न जुमानता गोऱ्या आणि काळ्या मुलांचं एकत्र बास्केटबॉल शिबिर घेतलं. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या मोर्चात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याला मंचावर बोलावलं, तर ज्यांनी ही चळवळ उभी केली त्यांची ती जागा आहे म्हणून तो खालीच बसला. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धात जायला नकार देणाऱ्या मुहम्मद अलीशी चर्चा करायला क्लीव्हलंडमध्ये काही नामवंत खेळाडू जमले. त्यांत रसेल होता, जिम ब्राउन होता, आणि अजून विद्यार्थी असलेला ल्यू ऑल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, होता. बैठकीनंतर ते सगळे अलीच्या पाठीशी उभे राहिले.

आउअरबाखनी १९६६ मध्ये प्रशिक्षकपद सोडताना ते रसेलकडे दिलं. तो खेळतही होता आणि संघ चालवतही होता, हाताखाली सहायक प्रशिक्षकही नसताना. गोऱ्या खेळाडूंशी तू निःपक्षपातीपणे वागशील का, असा प्रश्न त्याला पत्रकारांनी विचारला. गोऱ्या प्रशिक्षकाला असा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. पहिल्या वर्षी फिलाडेल्फियानं हरवलं आणि सलग विजेतेपदांची माळ तुटली. दुसऱ्या वर्षी, ४ एप्रिल १९६८ ला, डॉ. किंग यांची हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी फिलाडेल्फियाविरुद्ध मालिका सुरू व्हायची होती. कुणाचंच खेळात लक्ष नव्हतं. मालिकेत १-३ असे मागे पडलेले सेल्टिक्स ४-३ नं जिंकले आणि पुढे अजिंक्यही ठरले.

चेंबरलेनशी त्याचं नातं या चरित्राचा कणाच आहे. मैदानावर दोघे एकमेकांना दहा वर्षं भिडले. बाहेर मैत्री अशी, की थँक्सगिव्हिंगचं जेवण एकत्र व्हायचं आणि रसेलच्या घरी गेलं की गप्पा व्हायच्या त्या त्याच्या विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या. १९६५ मध्ये चेंबरलेननं वर्षाला एक लाख डॉलरचा करार केला, तर रसेलनं सेल्टिक्सकडून मागून घेतले एक लाख एक डॉलर. मग आली ५ मे १९६९ ची रात्र. लॉस एंजेलिसमध्ये अंतिम मालिकेचा सातवा सामना, लेकर्सकडे चेंबरलेन, जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर, सेल्टिक्स वयानं थकलेले. लेकर्सच्या मालकांनी विजयाच्या खात्रीनं छताला जाळ्यांत फुगे बांधून ठेवले होते. शेवटच्या काही मिनिटांत चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला. डॉन नेल्सनची एक फेक रिंगच्या कडेवर आदळून सरळ वर उडाली आणि पुन्हा खाली येऊन जाळीत गेली. १०८-१०६. फुगे छतालाच राहिले. रसेलचा हा शेवटचा सामना. त्या वर्षी अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, आणि तो हरलेल्या वेस्टला मिळाला. २००९ पासून त्या पुरस्काराला रसेलचं नाव आहे, पण तो स्वतः त्याला कधीच मिळाला नाही.

चेंबरलेननं शेवटी खेळायला हवं होतं, असं रसेल नंतर जाहीरपणे बोलून गेला. वीसहून अधिक वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. अखेर रसेलनं माफी मागितली. मे १९९९ मध्ये बॉस्टननं त्याचा ६ क्रमांक दुसऱ्यांदा सन्मानानं निवृत्त केला. पहिला सोहळा १९७२ मध्ये त्याच्याच आग्रहावरून रिकाम्या प्रेक्षागारात, फक्त सहकाऱ्यांसमोर झाला होता. या वेळी प्रेक्षागार भरलेलं होतं, चेंबरलेन आवर्जून आला होता, आणि टाळ्या थांबेनात तेव्हा रसेलच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचच महिन्यांत चेंबरलेन गेला.

२०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्याला अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला आणि बॉस्टनमध्ये त्याचा पुतळा व्हावा अशी इच्छा बोलून दाखवली. २०१३ मध्ये पुतळा महापालिकेसमोर उभा राहिला. त्यासाठी रसेलनं अट घातली होती, की त्यासोबत मुलांना मार्गदर्शन करणारा उपक्रम चालवला जावा. पुतळ्यात तो उडी मारत नाही, बास्केटही करत नाही. दोन्ही हातांनी चेंडू छातीशी धरून कुणाला तरी पास द्यायच्या तयारीत आहे.

हे चरित्र आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी वाचावं असं मला फार वाटतं. मुंबईच्या नागपाड्यात पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल खेळला जातो. भारताचा कर्णधार अब्बास मुंतसिर तिथलाच. पण शाळांच्या स्पर्धांत पदक मिळतं ते सर्वाधिक गुण करणाऱ्या मुलाला. बास्केटखाली हात वर करून उभा असलेला, गणवेशाची वाट पाहणारा सोळावा मुलगा कोण, हे ओळखायची नजर या पानांतून थोडी तरी मिळेल.

बास्केटबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमनं १९७५ मध्ये रसेलची निवड केली तेव्हा तो सोहळ्याला गेला नाही. खेळाडू म्हणून तिथे निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय ठरत होता, आणि त्याच्या मते हा मान त्याच्याआधी दुसऱ्यांचा होता. त्यातलं एक नाव चक कूपर यांचं. १९५० मध्ये एनबीएच्या निवडीत घेतला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, तोही सेल्टिक्सकडून. कूपर यांना मरणोत्तर हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं सप्टेंबर २०१९ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ८५ व्या वर्षी, रसेलनं हॉल ऑफ फेमची आपली अंगठी स्वीकारली. २०२१ मध्ये त्याची दुसऱ्यांदा निवड झाली, प्रशिक्षक म्हणून, आणि या वेळी त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. ३१ जुलै २०२२ ला तो गेल्यावर एनबीएनं ६ हा क्रमांक साऱ्या लीगसाठी निवृत्त केला. असा मान त्याआधी कुणालाही मिळालेला नव्हता.